वितरण केंद्रातील दोन हजार नोकऱ्या : हा आकडा कसा वाचावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : धुळे ते शिरपूर या पट्ट्यात महामार्गालगत एका ऑनलाइन विक्री कंपनीचे मोठे वितरण केंद्र येणार असून त्यात दोन हजार नोकऱ्या निर्माण होतील, अशी गावात चर्चा आहे, तुमचा धाकटा भाऊ चाकणला एका कंत्राटदाराकडे काम करतो, त्याला आत्ताच परत बोलवावे का, आणि गावातील एक गृहस्थ ‘यादीत नाव घालण्यासाठी’ पाच हजार रुपये मागत आहेत, ते द्यावेत का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो : एक रुपयाही देऊ नका. या क्षेत्रातील भरती बहुधा उद्घाटनाच्या महिना-दोन महिने आधी सुरू होते, ती कंपनीचे मनुष्यबळ कंत्राटदार करतात आणि उमेदवाराकडून त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. जमिनीचे सपाटीकरणही झालेले नसताना यादी कोणाची आणि कशाची?

पहिल्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल. मी भिवंडीच्या गोदामांमध्ये भरती आणि शिफ्टचे नियोजन हे काम अनेक वर्षे केले असून आता जळगावात राहून याच क्षेत्रातील कंत्राटदारांना सल्ला देतो. त्या अनुभवावरून सांगायचे तर असे केंद्र आले की कामे निश्चित निर्माण होतात. त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भावाच्या निर्णयासाठी दोन हजार हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. त्याला कळायला हवे ते हे, की त्यांपैकी वर्षभर टिकणारी कामे किती, पगारपत्रकावर मालक म्हणून नाव कोणाचे असेल आणि दोन वर्षांनी तो त्याच जागी असेल की वरच्या.

आधी केंद्र कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे लागेल, कारण ‘वितरण केंद्र’ या नावाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात माल साठवला जातो. ग्राहकाने मागणी नोंदवली की तेथूनच वस्तू मांडणीवरून काढून, खोक्यात भरून पाठवतात. माणसे सर्वाधिक लागतात ती येथे. दुसरा प्रकार सॉर्टिंग केंद्राचा. तेथे साठा नसतो. इतर ठिकाणांहून आलेली बंद पार्सले पिनकोडनुसार वेगळी करून काही तासांत पुढच्या गाडीत चढवली जातात. तिसरे म्हणजे शहरातील छोटे डिलिव्हरी हब, जेथून दुचाकीवाले घरोघरी जातात. जागा तेवढीच असली तरी पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातील मनुष्यबळात मोठी तफावत असते.

धुळ्याची जागा पाहता मला सॉर्टिंग केंद्राची शक्यता अधिक वाटते. मुंबई–आग्रा रस्ता, सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता आणि सोलापूरहून येणारा रस्ता असे तीन मोठे महामार्ग येथे मिळतात. म्हणजे पार्सलांच्या गाड्या उतरवून पुन्हा दिशा लावण्यास हे ठिकाण उत्तम आहे. साठवणुकीचे केंद्र मात्र कंपन्या शक्यतो मोठ्या ग्राहकवस्तीजवळ ठेवतात. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवण्याची पद्धत होती. ते कारण संपल्यावर कंपन्यांनी विखुरलेली गोदामे आवरून मोजक्या, मोठ्या जागा निवडल्या आणि आपल्या राज्यात त्याचा मोठा लाभ भिवंडी व पुणे परिसराला झाला. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. तो धुळे, शिरपूरवरून जाणार असल्याने पुढे चित्र बदलू शकते, पण 309 किलोमीटरचा मार्ग पूर्ण होईपर्यंत भावाने वाट पाहावी, असे कोणी म्हणणार नाही.

आता आकड्याकडे वळतो. नोकऱ्यांची संख्या इमारतीच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. रोज किती नग बाहेर पडतात यावरून ती ठरते. आम्ही नियोजन करताना जो हिशेब मांडतो, त्याचा नमुना देतो. यातील आकडे समजण्यापुरते आहेत, कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. समजा, साठवणुकीच्या केंद्रातून रोज 40,000 नग निघतात. मांडणीवरून माल काढणारा पिकर तासाला 100 नग काढतो आणि जेवण, चहा, हजेरी वगळता प्रत्यक्ष सात तास काम होते, म्हणजे एका माणसाचे 700 नग. तेव्हा सुमारे 57 पिकर लागतील. पॅकर तासाला 60 नग बांधतो असे धरले तर 95 पॅकर लागतील. आलेला माल उतरवून, तपासून, जागेवर लावण्यासाठी 90 जण, बाहेर जाणाऱ्या गाड्या भरण्यासाठी 40, परत आलेला माल तपासणे आणि साठ्याची मोजणी यांसाठी आणखी 40, शिवाय सुरक्षा, सफाई, कॅन्टीन आणि यंत्रांची देखभाल मिळून 50. ही बेरीज 372 होते. प्रत्येकाला आठवड्यात एक सुटी असल्याने ती सातने गुणून सहाने भागायची, म्हणजे 434. गैरहजेरीसाठी थोडी भर घातली की साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे माणसे पटावर लागतात.

मग दोन हजार कोठून आले? एक तर रोजचे नग 40,000 पेक्षा बरेच जास्त असतील. पण पुष्कळदा अशा आकड्यात सणासुदीच्या काळातील सर्वाधिक हजेरी धरलेली असते, आणि त्यात ‘अप्रत्यक्ष रोजगार’ म्हणून गाड्यांचे चालक, दुचाकीवरून पार्सल पोहोचवणारे, बांधकामावरील मजूर आणि बाहेरचे हॉटेलवालेही मोजलेले असतात. यात लबाडीच असते असे नाही. 2025 च्या सणांपूर्वी ॲमेझॉनने देशभरात दीड लाखाहून अधिक, तर फ्लिपकार्टने 2.2 लाख हंगामी कामे जाहीर केली होती. ती हंगामी असल्याचे कंपन्यांनी उघडच सांगितले होते. ‘हंगामी’ एवढा एकच तपशील गावच्या पारावर पोहोचेपर्यंत गळून पडतो. म्हणून दोन हजार ऐकले की पहिला प्रश्न विचारावा : फेब्रुवारी महिन्यात किती? दिवाळी आणि त्यानंतरच्या सवलतींची लाट ओसरलेली असते, तेव्हा जेवढी माणसे आत असतात तेवढीच खरी वर्षभराची कामे.

या हंगामाचा आपल्या भागाशी असलेला संबंध बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ऑनलाइन विक्रीचा जोर नवरात्राच्या आसपास सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालतो. खानदेशात नेमका हाच काळ कापूस वेचणीला सुरुवात होण्याचा आणि मका, सोयाबीन निघण्याचा असतो. ज्या घरातील दोन बाया वेचणीला जातात, त्या घरातून केंद्रासाठी माणूस निघणे त्या दिवसांत अवघड असते आणि निघालाच तर शेतावरची मजुरी वाढते. उलट दिवाळी उलटली की केंद्रातील जादा माणसे कमी केली जातात, आणि त्याच सुमारास साक्री, नवापूर, नंदुरबारकडच्या अनेक आदिवासी कुटुंबांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जायला निघतात. म्हणजे ज्या महिन्यांत गावात काम नसते, त्या महिन्यांत केंद्रही फारसे देत नाही. केंद्र आल्याने स्थलांतर थांबेल, ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. शेतीच्या वेळापत्रकाला सांधणारे काम हवे असेल तर ते कापूस जिनिंग, डाळ मिल किंवा केळी पॅकहाऊस अशा ठिकाणी अधिक मिळते.

आत काम कसे असते, तेही भावाला माहीत असू द्या. शिफ्ट सकाळी सहाची असेल तर बस गावाच्या फाट्यावर पाचच्या आतबाहेर येते. दारात मोबाइल जमा करून, अंगझडती देऊन आत गेले की हातात स्कॅनर मिळतो. त्याच्या पडद्यावर मांडणीची ओळ, कप्पा आणि वस्तू दिसते. माणूस ढकलगाडी घेऊन त्या कप्प्यापाशी जातो, कप्प्यावरचा आणि वस्तूवरचा बारकोड स्कॅन करतो, वस्तू गाडीत टाकतो आणि पुढचा कप्पा पडद्यावर येतो. चुकीची वस्तू उचलली तर स्कॅनर निराळा आवाज करून पुढे जाऊ देत नाही. किती वेळात किती नग झाले, मध्ये किती मिनिटे हात थांबला, हे सारे सुपरवायझरच्या संगणकावर उमटत असते. अंगमेहनतीपेक्षा हे सततचे मोजमाप आणि दिवसभराचे चालणे पोरांना जड जाते. पहिल्या पंधरवड्यात सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, आणि भरती सतत चालू दिसण्याचे तेही एक कारण आहे. चाकणला कारखान्याच्या शिस्तीत राहिलेल्या तुमच्या भावाला हे कठीण जाऊ नये. आपल्या भागातील मुलांना एक सोय मात्र होईल : भिवंडीत मजल्यावर सगळा कारभार हिंदीतून चालतो, येथे निदान टीम लीडर अहिराणीत समजावून सांगू शकेल.

पगाराविषयी बोलताना सावध राहावे लागते, कारण भरतीच्या वेळी सांगितला जाणारा आकडा बहुधा सीटीसीचा, म्हणजे मालकाला कामगारावर होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. उदाहरण घेऊ. एकूण मासिक वेतन 17,000 आणि त्यातील मूळ वेतन 13,000 आहे, असे समजा. कामगाराच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी 12 टक्के म्हणजे 1,560, कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) वाटा 0.75 टक्के म्हणजे सुमारे 128 आणि व्यवसाय कर 200 वजा झाल्यावर हातात 15,112 रुपये येतात. दुसऱ्या बाजूने मालकाचा निधीचा वाटा प्रशासकीय खर्चासह 13 टक्के म्हणजे 1,690 आणि विम्याचा 3.25 टक्के म्हणजे सुमारे 553 मिळवले की सीटीसी 19,243 होते. भरती करणारा ‘एकोणीस हजार’ म्हणतो, घरी पंधरा येतात आणि महिनाअखेरीस भांडण होते. वास्तविक त्यात कोणी कोणाला फसवलेले नसते. फसवणूक वेगळ्या ठिकाणी होते : जादा कामाचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट दराने न देता साध्या दराने देणे, बूट आणि ओळखपत्राचे पैसे कापणे, किंवा निधी कापून तो भरलाच नाही, असे प्रकार. बसचे पैसे कापणार का, हे तर आधीच विचारून घ्यावे. रोजचे तीस रुपयेसुद्धा महिन्याला आठशेच्या घरात जातात.

मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘कंत्राटदार’ असेच येते. मांडणीजवळ काम करणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या पगारपत्रकावर ऑनलाइन कंपनीचे नाव नसते; ते व्यवस्थापक, अभियंते आणि काही शिफ्ट प्रमुख यांच्यापुरते राहते. पुष्कळदा इमारतही कंपनीची नसते. विकसक ती बांधतो आणि कंपनी भाड्याने घेते. करारात ठरलेली काही वर्षे संपली की ती जागा सोडूही शकते. हे वाईटच असे मी म्हणत नाही, पण ‘आता पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली’ या समजुतीने जमीन विकून येथे घर बांधायला निघालेल्यांनी हे लक्षात घ्यावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तेव्हा भावाने पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागावे आणि त्यावर मुदत लिहिली आहे का ते पाहावे. गाड्या भरण्या-उतरवण्याचे काम माथाडी कायद्याच्या, म्हणजे 1969 च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. त्यासाठी माथाडी मंडळाकडील नोंदणी लागते. गावातील एखादा गट ‘ते काम आमचेच’ म्हणत असेल तर आधी त्याची नोंदणी तपासावी.

स्थानिकांना प्राधान्य मिळेल का, असेही लोक विचारतात. राज्याच्या प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांना 80 टक्के स्थानिक मनुष्यबळाची अट असते. तथापि तेथे महाराष्ट्रातील अधिवास पाहिला जातो, तालुका नव्हे. लातूरचा किंवा गोंदियाचा मुलगाही त्यात बसतो. शेजारच्या गावांना प्रत्यक्षात जो लाभ मिळतो तो अंतरामुळे मिळतो : बसच्या मार्गावर असलेला आणि खोलीभाडे द्यावे न लागणारा माणूस जास्त टिकतो, हे कंत्राटदाराला ठाऊक असते. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. पॅकिंग आणि तपासणीच्या विभागांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि दिवसाची शिफ्ट व घराजवळ उतरवणारी बस असेल तर एरवी घराबाहेर कामाला न पाठवणारी कुटुंबेही तयार होतात. तुमच्या घरात बारावी झालेली बहीण असेल तर भावापेक्षा तिच्यासाठी ही बातमी मोलाची आहे, असे माझे मत आहे.

भावासाठी मात्र मी दुसराच मार्ग सुचवेन. पिकर, पॅकर या जागांवर भरती झपाट्याने होते आणि कपातही तेथेच आधी होते. माल वाहणारे पट्टे, पार्सले वेगळी करणारे सॉर्टर आणि बारकोड यंत्रे चालू ठेवणारा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, उंच मांडणीवरून माल काढणारे रीच ट्रक चालवणारा, साठ्यातील तफावत शोधणारा, गाड्यांचे वेळापत्रक लावणारा, या माणसांना फेब्रुवारीतही कोणी काढत नाही. सॉर्टिंग केंद्र असेल तर हाताने काम करणारे कमी आणि यंत्र सांभाळणारे तुलनेने अधिक लागतात. भावाने आयटीआय केले असेल तर चाकणलाच देखभाल विभागात किंवा फोर्कलिफ्टवर जाण्याचा प्रयत्न करावा आणि प्रमाणपत्र व अनुभवाचे पत्र घेऊन यावे. तसे केले नसेल तर एक्सेलवर हात बसवावा, कारण साठ्याच्या विभागात निम्मे काम तेच असते.

एकूण भागाच्या रोजगाराचे म्हणाल तर उत्तर संमिश्र आहे. अमेरिकेत इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने 2018 साली ॲमेझॉनच्या केंद्रांचा अभ्यास केला होता. केंद्र उघडल्यावर त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) गोदाम क्षेत्रातील रोजगार सुमारे 30 टक्क्यांनी वाढला, पण एकूण खासगी रोजगारात वाढ आढळली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. धुळ्यात तसेच घडेल असे मानायचे कारण नाही. आपल्याकडे अर्धवेळ किंवा बेभरवशाच्या मजुरीवर असलेली तरुण मुले पुष्कळ आहेत. धुळ्याच्या आग्रा रोडवरील किंवा जळगावच्या फुले मार्केटमधील दुकानदारांचा गल्ला कमी झाला आहे तो लोक मोबाइलवरून मागवू लागल्यामुळे, आणि पार्सल भिवंडीहून आले काय अन्‌ सोनगीरहून आले काय, त्यांना फरक पडत नाही. मग ती मजुरी खानदेशात पडलेली बरी, एवढे तरी म्हणता येते.

साठवणुकीचे केंद्र असल्यास आणखी एक लाभ आहे, ज्याची गावात चर्चा होत नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा माल साठवून विकण्याची मुभा नाही. तेथे ठेवलेला माल वेगवेगळ्या विक्रेत्यांचा असतो. जळगावची प्लॅस्टिक चटई, नंदुरबारची मिरची पूड, घरगुती पापड-लोणची विकणारा व्यावसायिक ते केंद्र आपल्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवून तेथे माल ठेवू शकतो. केंद्र महाराष्ट्रातच असल्याने दुसऱ्या राज्यातील नोंदणी लागत नाही आणि भिवंडीपर्यंतचे भाडे वाचते. खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेचा परवाना मात्र लागतो. खोकी, टेप, बबल शीट पुरवणारे, टेम्पो लावणारे आणि टायरवाले यांनाही काम मिळते. या मार्गाने उभे राहणारे रोजगार आत्ताच्या आकड्यात मोजलेले नसतात.

तेव्हा तुमच्या भावापुरते सांगायचे तर चाकणचे काम आत्ता सोडू नये, केंद्र कोणत्या प्रकारचे आहे आणि मनुष्यबळाचे कंत्राट कोणाला मिळाले, या दोन गोष्टी कळेपर्यंत थांबावे आणि तोपर्यंत राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवून ठेवावे. ती नोंदणी विनामूल्य आहे. कंत्राटदाराचे नाव कळल्यावर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे, तेथे ते नाव टाका. त्या आस्थापनेने कोणत्या महिन्याचा निधी कधी भरला आणि तो किती कामगारांचा होता, हे कोणालाही पाहता येते. एकच कंत्राटदार अनेक ठिकाणी माणसे पुरवत असल्याने त्यातून एका केंद्राचा आकडा मिळणार नाही. परंतु ऑक्टोबरचा आणि फेब्रुवारीचा आकडा शेजारी ठेवलात तर तो दिवाळीनंतर किती माणसे ठेवतो याचा अंदाज येईल, आणि भरणा महिनोन्‌महिने उशिरा होत असेल तर तेही दिसेल.